भाषा आणि बोलींचे ओळख-कोड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रंथालयांत, संकेतस्थळांवर, शब्दकोशांच्या व ध्वनिमुद्रणांच्या कामात मराठी आणि तिच्या शेजारच्या बोलींशी ज्यांचा रोजचा संबंध येतो, त्यांच्याकडून वारंवार येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. भाषा-कोड मुळात रोमन अक्षरांत असतात. या पानावर त्या अक्षरांची नावे देवनागरीत लिहिली आहेत.

भाषा-कोड म्हणजे काय?

एखादा मजकूर, ध्वनिमुद्रण किंवा पुस्तक कोणत्या भाषेत आहे हे संगणकाला निःसंदिग्धपणे कळावे म्हणून प्रत्येक भाषेला दिलेले दोन किंवा तीन अक्षरांचे ओळखचिन्ह म्हणजे भाषा-कोड. मराठीचा दोन अक्षरी कोड ‘एमआर’ आहे आणि तीन अक्षरी ‘एमएआर’. फोनमध्ये भाषा निवडताना, मराठी विकिपीडियाच्या पत्त्यात, ग्रंथालयाच्या तालिकेत आणि भाषांतराच्या यंत्रणेत हेच कोड पडद्याआड काम करत असतात. ते ज्या आंतरराष्ट्रीय मानकात ठरतात, त्याचे नाव आयएसओ ६३९.

कोड चुकला किंवा लावलाच नाही, तर खरोखर काय बिघडते?

सर्वांत आधी अक्षरे बिघडतात. मराठीत ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे ज्या वळणाची लिहिली जातात, ती हिंदीतल्या रूढ वळणाहून वेगळी आहेत. काही चांगल्या देवनागरी टंकांमध्ये (फॉन्टमध्ये) दोन्ही वळणे असतात, परंतु पानावर मराठीचा कोड असेल तरच मराठी वळण दिसते. कोड नसेल तर टंकातील मूळ वळण येते, आणि ते बहुधा हिंदीचे असते. अनेक मराठी संकेतस्थळांवर अक्षरे परकी का वाटतात, असा प्रश्न पडणाऱ्यांनी प्रथम त्या पानाचा कोड तपासावा.

दृष्टिहीन वाचकांचे नुकसान याहून मोठे आहे. पडदा वाचून दाखवणारी आज्ञावली पानावरचा कोड पाहून आवाज निवडते. मराठी मजकुरावर हिंदीचा कोड असेल तर ‘चूल’मधला दंत्य च आणि ‘जग’मधला दंत्य ज हिंदीच्या उच्चारांनी वाचले जातात, आणि सबंध लेख ऐकणाऱ्याला तो सतत दुरुस्त करत ऐकावा लागतो. शुद्धलेखन-तपासणी, शोध आणि यांत्रिक भाषांतर यांतही चुकीच्या कोडाचा त्रास होतोच, पण तो डोळ्यांना लगेच दिसत नाही, म्हणून दुर्लक्षित राहतो.

एकाच भाषेला दोन अक्षरी आणि तीन अक्षरी असे वेगळे कोड का?

मानक टप्प्याटप्प्याने वाढत गेले म्हणून. १९८८ च्या मूळ मानकात दोन अक्षरी कोड होते. रोमन लिपीतील २६ अक्षरांच्या दोन-दोनच्या जोड्या ६७६ होतात, त्यामुळे जगातल्या सर्व भाषा त्यांत मावणे शक्यच नव्हते. प्रत्यक्षात दोनशेहूनही कमी भाषांना असे कोड मिळाले. १९९८ मध्ये तीन अक्षरी कोडांची यादी आली. ती मुख्यतः ग्रंथालये आणि परिभाषेचे काम करणाऱ्यांच्या गरजेतून तयार झाली असल्याने, ज्या भाषांत पुरेसे छापील साहित्य होते त्यांनाच तिच्यात स्थान मिळाले. बोलल्या जाणाऱ्या सर्व ज्ञात भाषांना, तसेच नामशेष व प्राचीन भाषांना कोड देण्याचा प्रयत्न २००७ च्या तिसऱ्या भागात झाला आणि यादी सात हजारांच्या पुढे गेली. २०२३ मध्ये हे सगळे भाग एका मानकात एकत्र करण्यात आले.

या वाढीच्या खुणा अजून दिसतात. जर्मनचे ‘जीईआर’ आणि ‘डीईयू’ असे दोन तीन अक्षरी कोड आहेत, कारण ग्रंथालयांनी इंग्रजी नावावरून एक रूढ केला होता आणि इतरांना भाषेच्या स्वतःच्या नावावरून दुसरा हवा होता. मराठी या दुहेरीपणातून सुटली. संकेतस्थळांसाठी नियम असा आहे की दोन अक्षरी कोड उपलब्ध असल्यास तोच वापरावा. म्हणून पानावर ‘एमआर’ आणि ग्रंथालयात ‘एमएआर’ हे दोन्ही बरोबर आहेत.

हे कोड ठरवते कोण?

ग्रंथालयीन यादी अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेस सांभाळते, तर सर्वसमावेशक तिसरी यादी एसआयएल इंटरनॅशनल ही संस्था सांभाळते. बायबलच्या भाषांतरासाठी अल्पपरिचित भाषांचा अभ्यास करण्याच्या कामातून ही संस्था वाढली, आणि ‘एथ्नोलॉग’ ही जगातील भाषांची तिची सूची हाच तिसऱ्या यादीचा पाया ठरला. तिने उभारलेली माहिती इतक्या मोठ्या प्रमाणावर दुसऱ्या कोणाकडेच नव्हती, हे मान्य करायला हवे. तरीही मिशनरी कार्याशी निगडित असलेल्या एका संस्थेकडे जगातील सर्व भाषांच्या सीमा नोंदवण्याचे काम असावे का, हा भाषाशास्त्रज्ञांनी अनेकदा विचारलेला प्रश्न रास्त आहे. भाषांतर कुठे स्वतंत्र लागेल आणि कुठे शेजारचे चालेल, या दृष्टीने आखलेल्या सीमा बोलणाऱ्यांच्या स्वतःच्या भाषिक जाणिवेशी जुळतीलच असे नाही.

भाषा कोणती आणि बोली कोणती, हे हे मानक कशावरून ठरवते?

पहिला निकष परस्पर आकलनाचा आहे: दोन रूपे बोलणाऱ्यांना वेगळे शिक्षण न घेता एकमेकांचे बोलणे पुरेसे समजत असेल, तर ती सहसा एकाच भाषेची रूपे मानली जातात. आकलन काठावरचे असेल तर समान साहित्यपरंपरा किंवा एकाच समाजाचे असल्याची भावना पाहिली जाते. आणि आकलन पूर्ण असले तरी दोन्ही रूपांना प्रस्थापित प्रमाण रूप व वेगळी अस्मिता असेल, तर ती दोन भाषा मानता येतात. रोजच्या बोलण्यात हिंदी आणि उर्दू बोलणाऱ्यांना एकमेकांचे समजते, तरी त्यांचे कोड वेगळे आहेत, ते या शेवटच्या निकषामुळे.

अडचण अशी की आकलन ही हो किंवा नाही अशी गोष्ट नाही. पेडण्याहून सावंतवाडी, मालवण, राजापूर, रत्नागिरी असे उत्तरेकडे जात राहिल्यास लगतच्या दोन गावांना एकमेकांचे बोलणे सहज समजते, परंतु दोन टोकांच्या माणसांना ते जड जाते. अशा सलग पट्ट्यात रेघ कुठेही मारली तरी तिच्या दोन्ही बाजूंना एकमेकांशी नीट बोलू शकणारे शेजारी सापडतात. शिवाय आकलन बहुधा एकतर्फी असते: झाडीबोली बोलणाऱ्याला शाळेमुळे आणि दूरचित्रवाणीमुळे पुण्याची प्रमाण मराठी समजते, पुण्याच्या माणसाला झाडीबोली तितकी समजत नाही. अशा वेळी ‘समजते’ हे उत्तर कोणाकडून घ्यायचे, यावर निकाल अवलंबून राहतो. भाषाशास्त्राला ही रेघ एकट्याने मारता येत नाही, आणि मानकाच्या निकषांत अस्मिता व साहित्य यांना जागा द्यावी लागली ती म्हणूनच, असे आमचे मत आहे.

मराठीच्या कोणत्या बोलींना स्वतंत्र कोड आहेत?

येथे मानकाचा विस्कळीतपणा सर्वांत स्पष्ट दिसतो. वऱ्हाडी आणि नागपुरी मिळून ‘व्हीएएच’ असा एक कोड आहे. म्हणजे मानकाच्या लेखी वऱ्हाडी ही मराठीहून वेगळी भाषा आहे, जे अमरावती-अकोल्याच्या फार थोड्या लोकांना पटेल. झाडीबोलीला मात्र वेगळा कोड नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या भागांत तिच्या साहित्य संमेलनांची परंपरा असूनही कोडांच्या यादीत तिची ओळख उमटलेली नाही.

खान्देशात उलट प्रकार आहे. अहिराणीला ‘एएचआर’ आणि खान्देशीला ‘केएचएन’ असे दोन कोड आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या बहुतेक लोकांच्या लेखी अहिराणी आणि खान्देशी ही एकाच बोलण्याची नावे आहेत, निदान एक दुसरीत सामावलेली आहे. एकाच गावातली दोन गाणी दोन संग्राहकांनी नोंदवली आणि प्रत्येकाने आपल्याला योग्य वाटलेला कोड लावला, तर पुढच्या अभ्यासकाला ती दोन भाषांची सामग्री वाटेल.

कोकणपट्टीत तिसरी तऱ्हा दिसते. महाराष्ट्रातील आगरी, मालवणी, संगमेश्वरी अशा अनेक बोली एथ्नोलॉगने ‘केएनएन’ या कोकणीच्या एका कोडाखाली घातल्या आहेत. मालवणीबद्दल तसे म्हणायला भाषिक आधार आहे. अलिबाग-पनवेलच्या आगरी माणसाला मात्र आपली बोली कोकणीत मोडते हे ऐकून नवल वाटेल, कारण व्याकरणाच्या अनेक बाबतींत ती मराठीच्या जवळ आहे. कोकण प्रदेशातील बोलणे आणि कोकणी भाषा या दोन गोष्टींची सरमिसळ येथे झालेली दिसते.

याच किनाऱ्यावर, रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, कोर्लई गावातील ख्रिस्ती समाज पोर्तुगीजवर आधारलेली क्रिओल, म्हणजे भाषांच्या संपर्कातून घडलेली मिश्र भाषा बोलतो. तिचे भाषक मोजके आहेत आणि तिला ‘व्हीकेपी’ हा स्वतंत्र कोड आहे. जळगाव जामोदच्या परिसरात बोलली जाणारी, इतर कोणत्याही भाषाकुळाशी नाते सिद्ध न झालेली निहाली हिलाही ‘एनएलएल’ हा कोड आहे. हे योग्यच झाले आहे. यातून एवढेच लक्षात घ्यावे की कोड मिळणे लोकसंख्येवर अवलंबून नसते. भाषा इतरांहून किती ठळकपणे वेगळी आहे आणि तिचा अभ्यास कोणी केला आहे, यावर ते अवलंबून असते. तंजावर मराठीला तीनशे वर्षांहून अधिक काळाचा वेगळा इतिहास आहे, तरी तिला स्वतःचा कोड नाही.

कोकणीला तीन कोड का आहेत, आणि कोणता वापरावा?

१९९८ च्या यादीत कोकणीला ‘केओके’ हा एकच कोड होता. नंतर एथ्नोलॉगची सूची मानकात आली तेव्हा तिच्यात गोव्याची कोकणी ‘जीओएम’ आणि महाराष्ट्रातील वर सांगितलेला गट ‘केएनएन’ अशा दोन स्वतंत्र नोंदी होत्या. दोन्ही याद्यांचा मेळ घालण्यासाठी ‘केओके’ला बृहद्भाषा ठरवून बाकीच्या दोन तिच्या पोटात घालण्यात आल्या. बृहद्भाषा ही संकल्पना अशा जुळवाजुळवीसाठीच निर्माण झाली. अरबी आणि चिनी यांच्या बाबतीतही तीच वापरली आहे.

परिणाम असा की कोकणी विकिपीडिया ‘जीओएम’वर आहे, गूगलच्या भाषांतरसेवेत २०२२ मध्ये कोकणी आली तीही ‘जीओएम’ म्हणून, तर ग्रंथालये आणि उपकरणांतील भाषा-निवड ‘केओके’ वापरतात. कोकणीची मुळातच विखुरलेली सामग्री, देवनागरी, रोमन, कन्नड, मल्याळम अशा लिप्यांत वाटली गेलेली, यामुळे आणखी विखुरते. १९०५ च्या सुमारास ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाने कोकणीला मराठीची बोली म्हटले, १९७५ मध्ये साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र साहित्यभाषा मानले, १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. इतका प्रवास करून आलेल्या भाषेची संगणकावरची ओळख अजून एकसंध नसावी, ही खेदाची बाब आहे. गोव्यातील सामग्रीसाठी ‘जीओएम’ अधिक नेमका आहे. पण शोधयंत्रणा उभारणाऱ्याने तिन्ही कोड एकत्र शोधण्याची सोय ठेवलीच पाहिजे.

जनगणनेतील भाषा आणि हे कोड का जुळत नाहीत?

जनगणना माणसाला त्याची मातृभाषा विचारते आणि तो सांगेल ते लिहून घेते. २०११ मध्ये अशी १९,५६९ नावे आली. छाननीनंतर त्यांतून १,३६९ मातृभाषा निश्चित झाल्या, १,४७४ नावे अवर्गीकृत राहिली, आणि दहा हजारांहून अधिक भाषक असलेल्यांचे गट करून शेवटी १२१ भाषा जाहीर झाल्या. हे गट करताना भाषिक निकषांबरोबर प्रशासकीय सोयही पाहिली जाते. सुमारे पाच कोटी भाषकांची भोजपुरी हिंदीखाली मोजली जाते, जरी आंतरराष्ट्रीय यादीत तिचा कोड वेगळा आहे.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर मालवणी कोकणीखाली येते, कोळी मराठीखाली, आणि अहिराणी खान्देशी या स्वतंत्र बिगर-अनुसूचित भाषेखाली. वऱ्हाडी बोलणारा बहुधा ‘मराठी’ असेच सांगतो, म्हणून ‘व्हीएएच’ची खरी लोकसंख्या जनगणनेतून काढता येत नाही. जनगणनेचे अंकी कोड आणि आयएसओचे अक्षरी कोड यांची एकास-एक सांगड घालण्याचा प्रयत्न करू नये. दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी ठेवाव्यात.

सरळ प्रत्येक बोलीलाच कोड का देत नाहीत?

तसा प्रयत्न झाला आणि फसला. आयएसओ ६३९ च्या सहाव्या भागात भाषाभेदांना चार अक्षरी कोड देण्याची योजना २००९ मध्ये आली. २०१४ मध्ये तो भागच मागे घेण्यात आला. बोलींचे भेद केवळ गावाने पडत नाहीत, ते जात, धर्म, पिढी आणि व्यवसाय यांनीही पडतात, आणि एकाच वाड्यातली आजी आणि नात वेगळ्या बोली बोलत असू शकतात. एवढे भेद एका ठाशीव यादीत बसवायला लागणारा क्षेत्रीय अभ्यास जगातल्या फार थोड्या प्रदेशांचा झालेला आहे.

आज यापेक्षा उपयोगी पर्याय म्हणजे ‘ग्लॉटोलॉग’ ही संशोधकांची सूची. तिच्यात कुळ, भाषा आणि बोली या सर्व पातळ्यांना चार अक्षरे व चार अंक असे कोड दिलेले आहेत आणि प्रत्येक नोंदीमागे प्रकाशित अभ्यासाचा आधार असावा लागतो. मात्र फोन, ब्राउझर आणि बहुतेक आज्ञावल्या हे कोड ओळखत नाहीत.

एकदा दिलेला कोड बदलतो का?

बदलतो, आणि त्याची किंमत दीर्घकाळ मोजावी लागते. हिब्रूचा ‘आयडब्ल्यू’ हा कोड १९८९ मध्ये बदलून ‘एचई’ झाला, तरी जावा या संगणकभाषेत जुना कोड त्यानंतर तीन दशके चालू राहिला. यातून धडा घेऊन आता तीन अक्षरी यादीतील निवृत्त कोड दुसऱ्या भाषेला दिला जात नाही. गोंडीच्या बाबतीत ‘दक्षिण गोंडी’ हा कोड निवृत्त करून अहेरी गोंडी आणि आदिलाबाद गोंडी असे दोन कोड करण्यात आले. गडचिरोलीत गोळा केलेली जुनी सामग्री जुन्या कोडाखालीच राहिली असेल, तर ती कोणत्या बाजूची हे आता माणसानेच ऐकून ठरवावे लागते.

मोडीतील मराठी किंवा मॉरिशसमधील मराठी कशी दाखवावी?

यासाठी नवा भाषा-कोड लागत नाही. २००९ पासून लागू असलेल्या इंटरनेटच्या भाषा-टॅग नियमांनुसार भाषेच्या कोडापुढे चार अक्षरी लिपी-कोड आणि दोन अक्षरी देश-कोड जोडता येतो. मोडी लिपीतच असलेल्या मजकुराला ‘एमआर’पुढे मोडीचा लिपी-कोड जोडावा, मॉरिशसमधील मजकुराला ‘एमआर-एमयू’ म्हणावे. देवनागरी ही मराठीची गृहीत लिपी असल्याने ती वेगळी लिहू नये.

मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याने कोडात काही फरक पडला का?

नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळालेला दर्जा हा भारत सरकारचा निर्णय आहे. जुन्या टप्प्यांना वेगळे कोड आधीपासूनच आहेत: प्राचीन मराठीला ‘ओएमआर’ आणि महाराष्ट्री प्राकृताला ‘पीएमएच’. शिलालेख किंवा महानुभाव पोथ्यांची सूची करणाऱ्यांनी ते जरूर वापरावेत; अशा सामग्रीवरही सरसकट आधुनिक मराठीचाच कोड लावण्याची सवय मोडली पाहिजे.

आमच्या बोलीला नवा कोड हवा असल्यास काय करावे?

अर्ज कोणीही करू शकतो. त्यात बोली कुठे आणि कोण बोलते, शेजारच्या बोलींशी आकलन किती आहे, तिच्यात कोणते साहित्य आहे आणि बोलणारे स्वतःला कसे ओळखतात, याचे पुरावे द्यावे लागतात. अर्ज जाहीर अभिप्रायांसाठी खुला राहतो आणि मग निर्णय होतो.

तरीही बहुतेकांना आमचा सल्ला असा की स्वतंत्र भाषेच्या कोडाची मागणी हे पहिले पाऊल असू नये. तो कोड मिळाला की यंत्रणांच्या लेखी तुमची बोली मराठीच्या बाहेर जाते, आणि मराठीसाठी असलेला टंक, शुद्धलेखन-तपासणी आणि आवाज तिला आपोआप मिळेलच असे नाही. ईशान्य इटलीतील रेझिया खोऱ्याची बोली स्लोव्हेन भाषेचाच कोड ठेवून त्यापुढे नोंदणीकृत उपरूप-चिन्ह (भाषेचे पोटरूप कोणते हे सांगणारे चिन्ह) लावते, आणि त्या खोऱ्यातील गावागावांच्या भेदांनाही अशी चिन्हे आहेत. झाडीबोली किंवा आगरीसाठी हा मार्ग अधिक हिताचा आहे: मराठीशी असलेले नाते सुटत नाही आणि बोलीचे नावही यंत्राला कळते. या नोंदणीचा अर्जही कोणालाही करता येतो, मात्र त्यासाठी बोलीचे वर्णन करणारा एखादा छापील संदर्भ हाताशी असावा.

माझ्याकडे गावातील वृद्धांची ध्वनिमुद्रणे आहेत. आज कोणता कोड लावू?

बोलीला नेमका कोड असेल आणि बोलणारी व्यक्ती ते नाव मान्य करत असेल, तर तो लावा. कोड नसेल तर ‘एमआर’ लावून त्यापुढे ‘एक्स’ हे अक्षर आणि आठ अक्षरांच्या आत बसणारे बोलीचे नाव जोडा. नियमांनी खासगी वापरासाठी ही जागा राखून ठेवलेली आहे. भाषा ठरवताच येत नसेल तर ‘यूएनडी’ म्हणजे अनिश्चित हा कोड लावणे चुकीचा कोड लावण्यापेक्षा केव्हाही बरे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे केवळ कोडावर विसंबू नका. बोलणाऱ्या व्यक्तीने आपल्या बोलीला दिलेले नाव तिच्याच शब्दांत लिहा, आणि त्याबरोबर गाव, तालुका, जिल्हा, ध्वनिमुद्रणाचे वर्ष, वयोगट आणि माहेर-सासर वेगळ्या भागांतले असल्यास तेही नोंदवा. लग्नानंतर वऱ्हाडातून खान्देशात आलेल्या बाईच्या ओव्यांत दोन्हीकडचे शब्द असतात आणि ही नोंद नसेल तर ते पुढे कोणालाच उलगडत नाहीत. व्यक्तीची ओळख जाहीर करायची की नाही, हे तिला विचारूनच ठरवा. कोणत्या यादीतील कोड लावला आणि तो कोणत्या वर्षीच्या आवृत्तीतला आहे, हेही त्याच पत्रकात लिहून ठेवा, म्हणजे उद्या यादी बदलली तरी तुमच्या नोंदीवरून नवा कोड लावता येईल.